सर्वांगीण शिक्षणाला वेगळा तास नको, आणि मार्क तर नकोतच

दरवर्षी निकाल लागले की ठरलेला वाद सुरू होतो. एका बाजूला "मार्कांत काय ठेवलंय, माणूस घडला पाहिजे" वाले आणि दुसऱ्या बाजूला "हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले, आधी गणित-विज्ञान पक्कं करा, बाकीचं पोरं आपोआप शिकतात" वाले. पहिल्यांच्या मदतीला हमखास आइनस्टाईन धावून येतो, तो म्हणे गणितात नापास झाला होता (झाला नव्हता, पंधरा वर्षांचा व्हायच्या आधीच तो कॅल्क्युलस शिकला होता, पण फॉरवर्ड करणाऱ्याला कोण सांगणार). दुसऱ्यांकडे घोकंपट्टी करून पुढे गेलेल्या देशांची यादी तयार असते. भांडण जोरात चालतं, पण गंमत अशी की एका गोष्टीवर दोघांचं पूर्ण एकमत आहे. अभ्यास वेगळा आणि माणूस घडणं वेगळं, आणि वेळापत्रकात एकाला जागा द्यायची तर दुसऱ्याचा तास कापावा लागणार, हे दोघांनीही न तपासता मान्य करून टाकलंय. सगळा घोळ तिथेच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आहे त्या विषयांना वरून योगा, नाच, मूल्यशिक्षण आणि पब्लिक स्पीकिंग चिकटवलं की शिक्षण सर्वांगीण होत नाही. आहेत तेच विषय कसे शिकवले जातात आणि शाळेतल्या खऱ्याखुऱ्या कामाची किती जबाबदारी पोरांवर टाकली जाते, यावर ते ठरतं. आणि त्याला मार्क द्यायला गेलं की ते मेलंच म्हणून समजा. स्वतःची वाढ आणि समाजाच्या कामी येणं हे दोन वेगळे कप्पे आहेत असंही मला वाटत नाही, त्याच्याकडे नंतर येतो.

विरोधकांचा सगळ्यात तगडा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला पटतो. परीक्षा आंधळी असते आणि तेच तिचं मोठेपण. चीनमध्ये सोंग राजवटीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, सरकारी नोकरीच्या परीक्षेत पेपरावरचं नाव झाकून टाकायचे, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून कारकून बसवून प्रत्येक पेपर पुन्हा दुसऱ्या हातानं लिहून काढायचे. का, तर तपासणाऱ्याला अक्षरावरून सुद्धा कळू नये की हा उमेदवार कोणाचा कोण. आता याच्या उलट बाजूला "आम्ही मार्क बघत नाही, संपूर्ण माणूस बघतो" असं म्हणणाऱ्यांचा इतिहास बघा. १९२० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं, कारण ते परीक्षेत चांगले मार्क मिळवत होते. अध्यक्ष लॉवेल यांना ते खुपायला लागलं. १९२२ मध्ये त्यांनी उघड मर्यादा घालायचा विषय काढला, त्यावर गदारोळ झाला, मग थोड्या वर्षांत दुसरा रस्ता सापडला: अर्जदाराचं चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, मुलाखत, फोटो हे सगळं बघून प्रवेश द्यायचा. कोटा हा शब्द कुठेच नाही, पण ज्यू विद्यार्थी कमी करायचे होते ते कमी झालेच. तेव्हा गरीब किंवा नको असलेल्या घरातलं पोरगं जेव्हा म्हणतं की मला तुमचा तो सर्वांगीण बिर्वांगीण विकास नको, सरळ पेपर द्या आणि मार्क द्या, तेव्हा त्याला अडाणी ठरवायची घाई करू नये. त्याला नीट माहितीये की 'व्यक्तिमत्त्व' बघणारे डोळे कोणाचे असतात.

पण हा मुद्दा आहे कशाबद्दल? निवड कशी करायची याबद्दल. शिकवायचं कसं याबद्दल तो काहीच सांगत नाही. हजार जागांसाठी लाख अर्ज आले तर चाळणी लागते, ती आंधळी असलेलीच बरी, मान्य. पण चाळणी म्हणजे शिक्षण नव्हे, आणि चाळणीलाच शिक्षण मानलं की काय होतं हेही चीननंच दाखवून दिलंय. त्याच न्याय्य परीक्षेत पुढे आठ ठराविक भागांत निबंध लिहायचा साचा घट्ट बसला, आणि मग पिढ्यानपिढ्या त्या अवाढव्य देशातली सगळ्यात हुशार डोकी त्या साच्यात शब्द बसवण्यात खर्ची पडली. १९०५ मध्ये ती परीक्षा बंद करावी लागली. तेराशे वर्षांची व्यवस्था होती ती, एका दिवसात वाईट झाली नव्हती. म्हणून निवडीची परीक्षा आंधळीच ठेवा, पण वर्षभर वर्गात जे चालतं ते त्या तीन तासांची रंगीत तालीम असायला पाहिजे असं कोणी सांगितलं?

दुसरा मुद्दाही वजनदार आहे. "विचार करायला शिकवा, माहिती काय गूगलवर मिळते" हे वाक्य ऐकायला भारी वाटतं पण चुकीचं आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला, शाळेतल्या मुलांना बेसबॉलच्या अर्ध्या इनिंगचं वर्णन वाचायला दिलं आणि मग काय समजलं ते तपासलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली पोरं, वाचनात पक्क्या पण बेसबॉल माहीत नसलेल्या पोरांपेक्षा पुढे निघाली. म्हणजे आकलन हवेत तरंगत नाही, ते माहितीवर उभं राहतं. ज्याला काहीच माहीत नाही तो चिकित्सक विचार कशाचा करणार? जपाननं २००२ पासून पोरांवरचा ताण हलका करायचा म्हणून अभ्यासक्रम जवळपास ३० टक्के कापला, शनिवारच्या शाळा बंद केल्या, मग आंतरराष्ट्रीय चाचण्यांत देशाची घसरण दिसल्यावर आरडाओरडा झाला आणि दहाएक वर्षांत बरंचसं परत आणावं लागलं. सिलॅबस पातळ केला म्हणजे माणूस घडतो असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जपून ठेवावं. फक्त त्यातली एक बारीक गोष्ट दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटते. जपानी शाळांत मुलं आपला वर्ग, जिने, व्हरांडे स्वतः झाडतात-पुसतात आणि टोप्या-एप्रन घालून एकमेकांना जेवण वाढतात. हे त्या कपातीच्या आधीही चालू होतं आणि नंतरही चालूच राहिलं. त्यासाठी गणिताचा एकही धडा गाळावा लागला नव्हता.

म्हणजे ज्ञान हवंच, भरपूर हवं. मग विषय पूर्णपणे शिकवणं म्हणजे काय, एक उदाहरण जरा जवळून बघू. कॉलऱ्याचं बघा. पुस्तकात एक ओळ असते, 'कॉलरा दूषित पाण्यामार्फत पसरतो', खाली गाळलेल्या जागा भरा, विषय संपला. पण ही ओळ माणसाला कळली कशी? १८५४ चा लंडन. ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास थोड्याच दिवसांत ५०० च्या वर माणसं मेली, शेवटी आकडा ६१६ वर गेला. तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांचं मत होतं की रोग घाणेरड्या हवेतून येतो. जॉन स्नो नावाचा डॉक्टर म्हणत होता पाण्यातून. त्यानं मेलेल्यांचे पत्ते जमा केले आणि प्रत्येक घर पाणी कुठून भरायचं ते विचारत फिरला, आणि बहुतेक धागे ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक हातपंपाशी येऊन मिळत होते. मग त्यातले वाकडे धागे शोधले: जवळच्या दारूच्या भट्टीतले कामगार का नाही मेले? ते बिअर प्यायचे आणि भट्टीची विहीर वेगळी होती. आणि लांब राहणारी एक म्हातारी का मेली? तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती ते मुद्दाम मागवून घ्यायची. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढून टाकला. गोष्ट इथे संपवली की टाळ्या पडतात, पण खरं सांगायचं तर साथ तोवर ओसरायला लागलीच होती, आणि हे सुद्धा पोरांना सांगायला पाहिजे. त्याहून महत्त्वाचं पुढेच आहे. हेन्री व्हाइटहेड नावाचा तिथला तरुण पाद्री होता, त्याला स्नोचं म्हणणं साफ खोटं वाटत होतं आणि ते खोटं ठरवायचं म्हणूनच तो घरोघर फिरायला लागला. वस्तीतली माणसं त्याला ओळखत होती, जे डॉक्टरला सांगितलं नसतं ते त्याला सांगत होती. फिरता फिरता त्यालाच त्या पंपाला लागून असलेल्या घरातलं आजारी बाळ सापडलं, त्याची दुपटी धुतलेलं पाणी विहिरीला अगदी खेटून असलेल्या शोषखड्ड्यात जात होतं. जो खोडायला निघाला होता त्यानंच पुरावा आणून दिला, आणि आपलं मत बदलल्याचं कबूलही केलं.

आता हा धडा कोणत्या तासाला घ्यायचा? विज्ञानाच्या, भूगोलाच्या, गणिताच्या, का नागरिकशास्त्राच्या? आणि यातलं मूल्यशिक्षण वेगळं काढून दाखवा बरं. आकडेमोड आहे, नकाशा आहे, सत्ता असलेल्यांचं चुकीचं मत आहे, लोकांशी बोलायची हातोटी आहे, पुराव्यासमोर मान तुकवणं आहे. गाळलेल्या जागेपेक्षा यात माहिती कमी आहे का? उलट दसपट आहे. सर्वांगीण म्हणजे अभ्यास हलका करणं असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच विचारायचंय, की हे हलकं आहे का? शिकवणाऱ्याला विचारा, घाम फुटेल. आणि हे फॅन्सी शाळेलाच जमेल असंही नाही, याला फळा आणि नकाशा पुरतो. जास्त लागते ती शिक्षकाची तयारी, आणि तीच आपण सगळ्यात स्वस्तात काढायला बघतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचतो. हात, हृदय, श्रम, कौशल्य वगैरे भाषा बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या पोरांसाठी वापरली जाते. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधींनी नई तालीम मांडली, हस्तव्यवसायातून शिक्षण, मातृभाषेतून, सात वर्षं मोफत. कल्पनेत दम होता. झाकीर हुसेन समितीनं तिचा अभ्यासक्रमही तयार केला. पण पोरांनी बनवलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा तिला नडली, आणि त्याहून नडलं ते हे की साहेब होऊ घातलेल्यांची पोरं इंग्रजी शाळेत आणि सूत कातायला गरिबाचं पोर, हे लोकांना स्पष्ट दिसत होतं. आईबापांनी तिला दुय्यम शिक्षण म्हणून नाकारलं आणि मी त्यांना दोष देणार नाही. 'कौशल्य' नावाच्या दारातून आजही बऱ्याचदा तेच होतं, एकाच्या पोराला रोबोटिक्स आणि दुसऱ्याच्या पोराला शिवणकाम, नाव दोन्हीला एकच.

पण यावर उत्तर म्हणून फक्त पुस्तकी शिक्षण मागायचं का? १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं ते या वादात कोणी उघडून बघत नाही याचं मला नवल वाटतं. सरकार शेतकऱ्यांच्या पैशावर वरच्या वर्गाचं उच्च शिक्षण पोसतंय म्हणून ते संतापलेले होते, त्यांना प्राथमिक शिक्षण सगळ्यांना हवं होतं. आणि त्यात त्यांनी काय काय मागितलं? मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, आणि त्याच दमात शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. हे किंवा ते असं त्यांच्या मनातच आलं नाही. ज्याला सगळंच नाकारलं गेलंय त्याला अर्धं कशाला मागावंसं वाटेल? भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातीधर्माची पोरं एकत्र ठेवली, पोरांनी श्रम करायचे, एका पंगतीत जेवायचं आणि शिकायचंही. तिथे जातीविरुद्ध भाषण ऐकून जात सुटत नव्हती, शेजारी बसून जेवल्यानं सुटत होती. आणि त्याच वेळी परीक्षा पास होऊन पुढे जायचा रस्ता बंद केलेला नव्हता, हा फरक महत्त्वाचा. श्रमाचं शिक्षण एकतर सगळ्यांना द्या नाहीतर कोणालाच देऊ नका.

आता तो स्वतःची वाढ आणि समाज यांचा मुद्दा. हल्ली व्यक्तिमत्त्व विकास म्हणजे आत्मविश्वासानं बोलता येणं, हात कसे ठेवायचे, मुलाखतीत काय सांगायचं, असं झालंय, आणि समाजाला योगदान म्हणजे अमुक तासांचं सर्टिफिकेट. दोन्ही विकत मिळतं. एक पोरगं झाडाला माती लावतानाचा फोटो काढतं, फोटो फाइलला लागतो, झाडाला पुढे पाणी कोण घालतंय हे विचारायचं नाही. यातून ना व्यक्ती वाढते ना समाजाचं काही होतं. याच्या उलट डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग नावाच्या पाद्र्याच्या कल्पनेतून १८४४ मध्ये रॉडिंगला पहिली लोकशाळा निघाली. शेतकऱ्यांची तरुण पोरं, नंतर पोरीही, काही महिने तिथे राहायची, इतिहास, गाणी, भाषा, चर्चा. परीक्षा नाही, डिग्री नाही. त्या काळातल्या शहाण्यांना हा टाइमपासच वाटला असणार. मग १८७० च्या पुढे अमेरिका आणि रशियाकडून स्वस्त धान्य यायला लागलं आणि डॅनिश शेतकऱ्याचं कंबरडं मोडायची वेळ आली, तेव्हा ते धान्याकडून दुधाकडे वळले, आणि १८८२ पासून गावोगाव सहकारी दूधसंस्था उभ्या राहिल्या, ज्यात मोठ्या शेतकऱ्याला आणि दोन गाईवाल्याला मत एकच. हे सगळं त्या शाळांमुळेच झालं असा दावा मी करणार नाही, बाजार होता, रेल्वे होती, क्रीम वेगळं काढायचं नवं यंत्र होतं. पण अनोळखी माणसांसोबत राहिलेली, सभेत उभं राहून बोलायची सवय झालेली, आपल्याला अक्कल आहे हे कळलेली माणसं त्या गावांत आधीच होती, आणि त्यातली बरीच या शाळांत जाऊन आलेली होती. त्यांना कोणी 'सामाजिक योगदान' हा विषय शिकवला नव्हता.

इथे एक भीती मात्र खरी आहे आणि सर्वांगीणवाले तिच्याबद्दल बोलायचं टाळतात. पोराच्या डोक्यात फक्त गणित घालायची परवानगी असेल तर शाळा किंवा सरकार फार तर वाईट गणित शिकवेल, पण मन, शरीर, भावना, निष्ठा सगळंच घडवायची परवानगी दिली तर? नाझी जर्मनीत १९३३ पासून निवडक पोरांसाठी निवासी शाळा काढल्या, त्यांचा भरही पुस्तकापेक्षा चारित्र्य, शरीर आणि समूहभावनेवरच होता. खेळ, गाणी, एकत्र राहणं, श्रम, देशासाठी त्याग, सगळं होतं. आजच्या एखाद्या ब्रोशरमध्ये ती यादी छापली तर कोणाला संशय यायचा नाही. मग फरक कुठे पडतो? त्या शाळांत व्हाइटहेडला जागा नव्हती. पुरावा बघून मत बदलणारा, मास्तरांना चूक म्हणणारा पोरगा तिथे बिघडलेला ठरला असता. म्हणूनच मी म्हणतो की माणूस घडवणं विषयांपासून वेगळं काढू नका. पुराव्याची शिस्त विषयातूनच येते, आणि ती नसेल तर संस्कार म्हणजे फक्त कवायत.

आणि म्हणून मार्क नकोत. सहानुभूतीला ग्रेड दिली की पोरगं सहानुभूती दाखवायला शिकतं. दाखवायला. आपल्याकडे सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा हेतू चांगलाच होता, प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदी आल्या, विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. झालं काय? पट मोठा, वेळ कमी, आणि तपासणीला येणारा माणूस फक्त रकाने भरलेत का बघणार, मग नोंदींच्या तयार पीडीएफ फिरायला लागल्या आणि अख्ख्या वर्गाला आळीपाळीनं 'वर्गात उत्साहाने सहभागी होतो' आणि 'इतरांना मदत करतो'. शिक्षकांना हसण्यात अर्थ नाही, दुसरं काही करणं त्यांना शक्यच नव्हतं. सीबीएसईनंही २००९ मध्ये आणलेली तशीच पद्धत २०१७ मध्ये गुंडाळली. कल्पना फसली असं लोक म्हणाले. माझ्या मते फसली ती तिला रजिस्टरमध्ये कोंबायची हौस.

मग करायचं काय, हा प्रश्न रास्त आहे. नवीन तास, नवीन उपक्रम, नवीन दिन साजरे करणं आधी थांबवा. शिक्षकांच्या डोक्यावरचे रिपोर्ट आणि फोटो अपलोड करायची कामं कमी करा आणि त्या वेळात विज्ञान, भूगोल, भाषा शिकवणाऱ्या तिघांना आठवड्यातून एक तास एकत्र बसून एखादा धडा तयार करू द्या, वर्षात असे चार-पाच धडे झाले तरी खूप झालं. आणि शाळेतली खरी कामं पोरांकडे द्या, म्हणजे जी नाही केली तर कोणाचं तरी अडेल अशी: ग्रंथालयातली देवघेव, पाण्याच्या टाकीची नोंद, लहान वर्गातल्या कच्च्या पोरांना वाचायला शिकवणं, भांडणं मिटवायची सभा. वर्षाच्या शेवटी त्याचं प्रदर्शन भरवायचं नाही, त्याचा बिल्ला द्यायचा नाही. आणि ग्रंथालयाच्या वहीत पोरानं घोळ घातला तर सरांनी ती वही काढून घेऊन स्वतः पूर्ण करायची नाही, कोणतं पुस्तक कोणाकडे राहिलंय ते त्यालाच वर्गावर्गात जाऊन शोधू द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी वही परत त्याच्याच हातात द्यायची.